तण खाई धन, पण कसे?

‘तण खाई धन’ ही म्हण मराठी शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. खुरपणी लांबली की पीक पिवळे पडते, हे दरवर्षी डोळ्यांसमोर घडत असते. पण म्हणीतले हे ‘खाणे’ नेमके कोणते? सर्वसाधारण समजूत अशी की तण पिकाच्या ताटातले पळवते. पाणी, नत्र, ऊन, जागा. ती समजूत बरोबरच आहे. मात्र गाजर गवतासारख्या बाहेरून आलेल्या तणांवर गेली चाळीस-पन्नास वर्षे आणखी एक आरोप होत आला आहे. हे तण ताटातले पळवून थांबत नाही, ताटात विषही कालवते, असा तो आरोप. पानांतून, मुळांतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून काही रसायने मातीत उतरतात आणि जवळ उगवणाऱ्या रोपांची वाढ खुंटवतात. एका वनस्पतीने रसायनांच्या वाटेने दुसरीवर परिणाम करण्याच्या या प्रकाराला हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये ‘अ‍ॅलिलोपॅथी’ असे नाव दिले. गंमत अशी की मोलिशच्या डोळ्यांसमोर तण नव्हतेच. पिकलेल्या सफरचंदातून निघणाऱ्या वायूचा शेजारच्या वनस्पतींवर काय परिणाम होतो, हे तो पाहत होता. आपल्याकडे आंब्याची आढी घालणाऱ्याला ते रहस्य पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

हा आरोप खरा आहे, असे माझे मत आहे. पण तो ज्या पुराव्यावर सहसा उभा केला जातो, तो पुरावा लंगडा आहे आणि त्यातून जे चित्र मनात उभे राहते तेही चुकीचे आहे. गाजर गवत पिकाच्या रोपाला विष घालून मारते असे शेतात क्वचितच होत असेल. ते रोपाला उशीर करायला लावते, आणि कोरडवाहू जमिनीत त्या उशिराची किंमत फार मोठी असते. हे पटवायचे तर आधी आरोपीची ओळख हवी, मग पुराव्याची उलटतपासणी.

पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचे शास्त्रीय नाव. मूळ घर मेक्सिको आणि अमेरिका खंडातला आजूबाजूचा उष्ण प्रदेश. पाने गाजरासारखी चिरलेली म्हणून गाजर गवत. खरे तर ते गवतही नाही, सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती आहे. काँग्रेस गवत या दुसऱ्या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. पांढऱ्या फुलांचे गुच्छ गांधी टोपीसारखे दिसतात ही एक, आणि काँग्रेसच्या राजवटीत अमेरिकेतून आलेल्या मिलो-गव्हाबरोबर ते आले ही दुसरी. पुण्यात हे झाड आढळल्याची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये केली. पी. एल. ४८० या अमेरिकी धान्य-मदतीच्या कायद्याखालचा भारत-अमेरिका करारही त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये झाला. म्हणजे त्या कराराचा गहू बंदरात उतरण्याआधीच झाड पुण्यात रुजलेले होते. १९५१ च्या टंचाईतही अमेरिकेतून धान्य आले होते, त्यामुळे धान्याची वाट अगदीच खोटी ठरत नाही. पण सगळा दोष ‘लाल गव्हा’च्या माथी मारणारी गोष्ट तारखांत नीट बसत नाही. पुढचा प्रसार मात्र वादातीत आहे. एका झाडाला हजारोंच्या संख्येने बी धरते, ते वाऱ्याने, पाण्याने, चाकांच्या चिखलाने आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून पसरते, आणि उगवल्यावर महिन्याभरात झाड फुलावर येते. देशात सुमारे साडेतीन कोटी हेक्टरांवर त्याचा शिरकाव झाल्याचा अंदाज वारंवार दिला जातो.

आता आरोप. या झाडाच्या पानांवर, देठांवर आणि फुलांवर अगदी बारीक ग्रंथीयुक्त केस असतात आणि त्यांत पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य साठलेले असते. हर्ट्‌झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना १९६२ मध्ये उलगडली. या रेणूच्या एका भागाला प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना चिकटण्याची खोड आहे. एकदा चिकटला की ते प्रथिन आपले काम पहिल्यासारखे करू शकत नाही. खुरपणाऱ्या बायकांच्या हातांना खाज सुटते, काहींना वर्षानुवर्षे हटत नाही असा इसब होतो, त्यामागे रेणूची हीच खोड आहे. माणसाच्या कातडीतली प्रथिने आणि रोपाच्या मुळातली प्रथिने यांत तो फारसा भेद करत नाही. पार्थेनिनच्या जोडीला कॅफिक, फेरुलिक, व्हॅनिलिक, क्लोरोजेनिक अशी फिनॉल वर्गातली आम्लेही झाडात असतात. ती एकेकटी सौम्य. पुष्कळ साध्या भाज्यांतही सापडतात. पण एकत्र आली की मुळाच्या पेशींचे आवरण सैल करतात, क्षार आत घेण्याची यंत्रणा बिघडवतात आणि वाढीच्या संप्रेरकांचा तोल ढळवतात.

बी रुजताना सर्वांत आधी बाहेर येते ते मूळ. त्याच्या टोकाशी काही मिलिमीटरच्या पट्ट्यात पेशी सारख्या दुभंगत असतात, आणि त्यांच्यामागच्या पट्ट्यात त्या लांब होत असतात. सबंध रोपाची खाली जाण्याची ताकद त्या इवल्या टोकात असते, आणि मातीतल्या पाण्याला पहिल्यांदा भिडणारा भागही तोच. त्यामुळे अशा रसायनांचा घाव कोंबापेक्षा मुळावर जास्त बसतो. बियांच्या उगवणीवर एकाच मात्रेचा परिणाम कमी दिसतो, मुळाच्या लांबीवर पुष्कळ. हे प्रयोगांमागून प्रयोगांत दिसले आहे, आणि पुढच्या युक्तिवादासाठी ते ध्यानात ठेवायला हवे. मूळ मरत नाही, आखूड राहते. टोक जाडसर, तपकिरी होते, त्यावरची केसमुळे विरळ पडतात.

रसायने मातीत उतरण्याच्या वाटा तीन-चार आहेत. पावसाने पाने धुतली जातात. जिवंत मुळांतून थोडे थोडे पाझरते. झाड वाळून पडले किंवा वखराने मातीत गाडले गेले की एकदम मोठा हप्ता सुटतो. चौथी वाट सर्वांत चमत्कारिक आहे. बंगळूर विद्यापीठातील कांचन आणि जयचंद्र यांनी १९७९ ते १९८१ या काळात या तणावर जी निबंधमाला प्रसिद्ध केली, तिच्यात परागकणांचाही अभ्यास होता. गाजर गवताचे परागकण टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या फुलांतल्या स्त्रीकेसराच्या टोकावर पडले तर फळधारणा घटते, असे त्यांनी दाखवले. विषाला इथे मातीची गरजच उरत नाही. याच दोघांनी असेही दाखवले की या तणाची द्रव्ये नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंनाही बाधतात. हरभरा, तूर, मूग ही पिके आपले नत्र ज्या गाठींतून मिळवतात, त्यांचे कारागीर हेच जिवाणू.

इथवर खटला भक्कम वाटतो. पण या विषयावरच्या शेकडो शोधनिबंधांपैकी बहुतेकांची पद्धत पाहिली की शंका येऊ लागते. गाजर गवताची पाने वाळवायची, दळायची, पाण्यात चोवीस तास भिजवायची, गाळून पाच-दहा टक्क्यांचा अर्क करायचा. काचेच्या बशीत गाळणकागद घालून त्यावर ज्वारीचे, मुगाचे किंवा मुळ्याचे बी मांडायचे. अर्क शिंपडायचा, आठवड्याने मुळे मोजायची. साध्या पाण्यातली मुळे लांब, अर्कातली आखूड, निष्कर्ष तयार. प्रयोग स्वस्त, लवकर संपणारा आणि जवळजवळ कधीच न फसणारा. पदव्युत्तर प्रबंधांना तो इतका का मानवतो ते उघड आहे. पण त्या बशीत माती नाही, जिवाणू नाहीत, आणि अर्क इतका दाट असतो की त्यातल्या क्षारांमुळे आणि साखरेमुळेच बियांना पाणी ओढून घेणे जड जाते. मेथीचा किंवा कोथिंबिरीचा तेवढाच दाट अर्क घातला तरी बऱ्याच बिया कुरकुरतील.

थोडा हिशेब करून पाहू. समजा एका चौरस मीटरवर गाजर गवताचे चांगले दाट रान आहे आणि वाळल्यावर त्याचे वजन अर्धा किलो भरते. ते सगळे वरच्या दहा सेंटिमीटर मातीत गाडले. तेवढ्या जागेत माती शंभर लिटर आकारमानाची. वाफशावर तिच्यात पाव हिस्सा पाणी धरले तर पंचवीस लिटर पाणी झाले. पंचवीस लिटरला पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचा अर्क. बशीत वापरतात त्याच्या अडीच ते पाच पट पातळ. हाही आकडा वरच्या टोकाचा, कारण त्यात सगळे द्रव्य एकाच दिवशी पाण्यात उतरले असे धरले आहे. प्रत्यक्षात ते हळूहळू उतरते, त्यातले काही चिकणमातीचे कण आणि सेंद्रिय पदार्थ धरून ठेवतात, काही जिवाणू खाऊन टाकतात. तेव्हा बशीतला निकाल उचलून शेतात ठेवता येत नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. दोन टक्के म्हणजे शून्य नव्हे. शेतातली मात्रा बशीतल्या मात्रेच्या आसपासच्याच पायरीवर आहे, शंभर पायऱ्या खाली नाही. संशय टिकतो, फक्त तो मातीत तपासावा लागतो.

असा संशय घाईने पक्का केला तर काय होते, याचा धडा कॅलिफोर्नियात मिळाला आहे. तिथल्या सुगंधी साल्व्हिया झुडपांभोवती एक-दोन मीटर रुंदीचा उघडाबोडका पट्टा असतो. गवत त्यापलीकडे सुरू होते. सी. एच. म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये सायन्स या नियतकालिकात मांडले की झुडपातून कापूर आणि सिनिओल यांसारखी उडून जाणारी द्रव्ये निघतात आणि ती गवताची रोपे रोखतात. बशीतला पुरावा होता, पट्ट्याचे छायाचित्र बोलके होते, कल्पना पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. सहा वर्षांनी ब्रूस बार्थोलोम्यू याने त्याच पट्ट्यात तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्यांच्या आत गवत छान उगवले. झुडपाच्या आडोशाला राहणारे उंदीर, ससे आणि पक्षी आडोशापासून फार दूर न जाता जवळचे बी आणि कोंब खाऊन टाकत होते. रसायने खोटी नव्हती, पण पट्टा पाडण्याचे श्रेय बहुतांशी दातांना आणि चोचींना जात होते.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळच्या पिकाचे. ज्वारीनंतर घेतलेले पीक मागे पडते, ही तक्रार अमेरिकी शेतीशास्त्रात १९२० च्या दशकातच नोंदली गेली. ज्वारीची मुळे विष सोडतात, हा अंदाज लगेच पुढे आला. १९२७ मध्ये जे. पी. कॉनरॅड यांनी वेगळे कारण दाखवले. ज्वारीच्या धसकटांत साखर भरपूर उरते. ती खायला मातीतले जिवाणू एकदम वाढतात आणि स्वतःच्या वाढीसाठी मातीतले नत्र अडकवून ठेवतात. नव्या पिकाची रोपे पिवळी पडतात ती उपासमारीने. कथा तिथेही संपली नाही. पुढे ज्वारीच्या केसमुळांतून सोर्गोलिओन नावाचे तेलकट द्रव्य पाझरते आणि ते खरोखरच इतर रोपांचे प्रकाशसंश्लेषण अडवते, हे सिद्ध झाले. म्हणजे पहिला अंदाजही खरा, दुसराही खरा. एकाच पिवळ्या रोपामागे दोन कारणे असू शकतात आणि नुसते पाहून ती वेगळी करता येत नाहीत, एवढे यातून घ्यावे.

मग गाजर गवताबद्दल मातीतला पुरावा काय सांगतो? चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात डेझी बातिश, हरमिंदर पाल सिंह, रविंदर कोहली यांच्या गटाने या तणाचा पाला मातीत मिसळून हरभरा आणि मुळा लावला. अर्क नाही, बशी नाही; माती आणि पाला. रोपांची वाढ घटली आणि मातीतले फिनॉलही वाढलेले आढळले. हा पुरावा बशीपेक्षा कितीतरी वजनदार आहे. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाच्या रेगिना बेल्झ यांनी पार्थेनिनचाच पाठलाग केला. मातीत ते फार दिवस टिकत नाही. काही दिवसांतच त्याचे विघटन होते. आणि मात्रा फारच कमी असेल तर ते रोपांची वाढ रोखण्याऐवजी किंचित वाढवते, असेही त्यांना दिसले. आरोपीच्या वकिलाला हे दोन्ही निष्कर्ष आवडतील. चार दिवसांत नाहीसे होणारे आणि थोडक्यात घेतले तर टॉनिकासारखे वागणारे द्रव्य पीक कसे बुडवणार?

इथेच वेळेचा मुद्दा येतो. पूर्ण वाढलेल्या तुरीला मातीतल्या पार्थेनिनने काही होणार नाही. तिच्या मुळांचा पसारा मोठा, वरच्या थरात काही बिघडले तरी खालून भागते. नुकत्याच फुटलेल्या बियांचे सबंध मूळ दोन-तीन सेंटिमीटरचे असते आणि ते सगळेच्या सगळे त्याच थरात असते जिथे पाला गाडलेला आहे. विषाचे आयुष्य काही दिवसांचे, तसे रोपाचे नाजूकपणही काही दिवसांचेच. दोन्ही एकाच आठवड्यात आले तर विषाला आणखी टिकण्याची गरज पडत नाही. शिवाय बांधावर किंवा ओळींत जिवंत गाजर गवत उभे असेल तर प्रत्येक सरीबरोबर नवा हप्ता उतरतो. टाकीतले पाणी ओसरते पण नळ चालूच असतो.

आता त्या आठवड्यात काय बिघडते ते कोरडवाहू रब्बीच्या संदर्भात पाहा. सोलापूर-नगरकडची रब्बी ज्वारी किंवा मराठवाड्यातला हरभरा पेरला जातो तो पावसाळ्याने मागे ठेवलेल्या ओलीवर. पेरणीनंतर वरून पाणी येईलच असे नाही. माती वरून सुकत जाते, ओल रोज थोडी खाली सरकते, आणि मुळाला तिच्या पुढे राहावे लागते. ही शर्यत आहे, आणि तिच्यात सुरुवातीचे चार दिवस गमावलेले मूळ पुढे तेवढ्याच वेगाने वाढले तरी ओलीच्या मागेच राहते. बशीत आखूड मूळ म्हणजे वहीतला एक कमी आकडा. काळ्या रानात नोव्हेंबरमध्ये आखूड मूळ म्हणजे डिसेंबरमध्ये माना टाकणारे रोप. त्यात शेजारी गाजर गवतच उगवलेले असेल तर तेही त्याच ओलीवर टपलेले. रसायनाने मागे पाडलेल्या रोपाला मग पाण्याची आणि उन्हाची स्पर्धा संपवते, आणि पंचनाम्यात कारण लिहिले जाते ‘स्पर्धा’.

म्हणून ‘विष की स्पर्धा’ असा प्रश्न विचारणारे दोन्ही पक्ष मला अर्धवट वाटतात. पूर्व इथिओपियात ज्वारीच्या शेतांत हे तण हंगामभर तसेच ठेवले तेव्हा धान्याचे उत्पादन ४० ते ९७ टक्क्यांनी घटले, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तमादो ताना व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसते. एवढ्या घटीतला विषाचा वाटा किती आणि स्पर्धेचा किती, हे नुसते धान्य तोलून कळत नाही. विषाचे काम छोटे असेल, पण ते सुरुवातीला होते आणि पुढचे सगळे त्यावर चढत जाते. सावकाराच्या वहीतही मुद्दल लहानच असते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. फिनॉल सगळ्याच वनस्पतींत असतात, ज्वारी स्वतः सोर्गोलिओन सोडते, मग गाजर गवतालाच गुन्हेगार का ठरवायचे? उत्तराचा एक भाग ‘नव्या शस्त्रां’च्या कल्पनेत आहे. रे कॅलवे आणि एरिक अ‍ॅशहाउग यांनी २००० मध्ये सायन्समध्ये एक सुंदर प्रयोग मांडला. काळ्या समुद्राच्या पूर्वेकडून अमेरिकेत गेलेले सेंटोरिया हे तण त्यांनी दोन प्रकारच्या गवतांशेजारी लावले: मूळ गावी शेजारी असलेली गवते आणि अमेरिकेतली त्यांचीच भावंडे. तणाने अमेरिकी गवतांचे नुकसान जास्त केले. मातीत रसायने शोषून घेणारा सक्रिय कोळसा मिसळल्यावर अमेरिकी गवते सावरली. हजारो वर्षांच्या शेजाराने मूळ गावच्या गवतांनी आणि तिथल्या जिवाणूंनी त्या रसायनांशी जुळवून घेतले असावे, नव्या मुलखातल्यांना ती संधी मिळालेली नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. कल्पना आकर्षक आहे, पण तिलाही लगाम हवा. कोळसा मातीतले अन्नद्रव्यांचे गणितही बदलतो, हे नंतर दाखवले गेले. सेंटोरियाच्याच दुसऱ्या जातीबाबत कॅटेचिन या द्रव्याला जबाबदार धरले गेले होते. पुढे इतरांनी शेतातल्या मातीत मोजले तेव्हा तेवढे कॅटेचिन सापडले नाही. आणि गाजर गवताचे विष त्याच्या स्वतःच्या बियांनाही रोखते, हे पिकमन दांपत्याने १९८४ मध्ये दाखवले आहे. जे शस्त्र मालकालाही कापते ते केवळ परक्यांसाठी घडवलेले शस्त्र म्हणता येणार नाही. मला वाटते, त्याचा मूळ उपयोग किडींना आणि जनावरांना दूर ठेवण्याचा असावा. गुरे गाजर गवताला सहसा तोंड लावत नाहीत, आणि चराऊ रानात बाकी सगळे खाल्ले जाऊन तेवढेच उरते. रोपांवरचा परिणाम हा त्या संरक्षणाचा जोडधंदा.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: इतका किस कशाला काढायचा, तण वाईट आहे, उपटा आणि मोकळे व्हा. पण उपटलेल्या तणाचे काय करायचे, हा प्रश्न विषाच्या हिशेबाशिवाय सुटत नाही. विष कायमचे आहे असे मानणारा शेतकरी ढीग पेटवून देतो आणि हातचे सेंद्रिय खत घालवतो. विष नाहीच असे मानणारा तोच हिरवा पाला गाडतो आणि लगेच पेरतो. दोघांचेही नुकसान टळण्यासारखे आहे. फुलावर येण्याआधी उपटलेले गाजर गवत खड्ड्यात नीट कुजवले तर पार्थेनिन आणि फिनॉल जिवाणूंच्या पोटात जातात आणि खत निर्धोक होते. फुलावर आल्यानंतरचे मात्र घेऊ नये, कारण तेव्हा भीती रसायनाची नसते, बियांची असते. थेट जमिनीत गाडायचे असेल तर गाडणे आणि पेरणी यांत दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. या काळात विष विरते आणि कुजण्यासाठी अडकलेले नत्रही बरेचसे मोकळे होते, त्यामुळे मोलिशचे म्हणणे खरे असो की कॉनरॅडचे, शेतकऱ्याचा तोटा होत नाही. उपटणाऱ्याने हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, हे सांगायला कुठलाही वाद आड येत नाही.

तणालाच तण भिडवण्याचा उपायही याच विद्येतला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पडीक जागेत टाकळ्याचे बी फेकले तर टाकळा दाट उगवून गाजर गवताला वर येऊ देत नाही; विदर्भात यालाच तरोटा म्हणतात आणि कोवळ्या पानांची भाजीही करतात. तो सावलीने दाबतो की रसायनाने, हा वाद त्याच्याबाबतही आहेच. गाजर गवत खाण्यासाठी मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेले झायगोग्रामा भुंगेरे पानांची चाळण करतात, पण पावसाळा सरला की जमिनीत दडून बसतात आणि हिवाळ्यातले तण त्यांच्या तावडीतून सुटते. वनस्पतींच्या या रसायनांचा माणसाने उपयोग करून घेतल्याचेही उदाहरण आहे. बागेतल्या लाल बॉटलब्रशखाली तण कमी उगवते, हे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आले. त्या झाडातल्या लेप्टोस्पर्मोनवरून पुढे मेसोट्रायोन हे मक्यातले तणनाशक घडले. मूळ द्रव्य फार दुबळे होते. कारखान्यात त्याची रचना बदलून त्याला धार लावावी लागली.

विष आणि स्पर्धा वेगळी करण्याची एक साधी युक्ती १९८९ मध्ये जेफ्री वायडेनहॅमर आणि सहकाऱ्यांनी मांडली. ती कुठल्याही कृषी विद्यालयात, किंबहुना घराच्या ओसरीवरही करून पाहण्याजोगी आहे. सारख्या मापाच्या कुंड्या घ्यायच्या. निम्म्यांत गाजर गवताच्या रानातली माती, निम्म्यांत त्याच शेतातली पण तणापासून दूरची माती. प्रत्येक गटातल्या काही कुंड्यांत मुळ्याचे दोनच दाणे टाकायचे, काहींत वीस. अन्नपाण्याची चणचण हेच कारण असेल तर दाटीतली रोपे अधिक खुरटतात. मातीत विष असेल तर उलटा प्रकार होतो: ठरावीक विष वीस मुळांत वाटले जाते, प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते, आणि विरळ पेरलेल्या दोन रोपांची मुळे दाटीतल्या रोपांपेक्षाही आखूड राहतात. दहा दिवसांनी कुंड्या पालथ्या करून मुळे धुवायची आणि फूटपट्टीवर ठेवायची. तणाच्या मातीतल्या विरळ कुंडीत आखूड मुळे निघाली तर आरोप त्या रानापुरता सिद्ध. दाटीतली आखूड निघाली तर त्या रानात तरी दोष स्पर्धेचा.